सिबेलियसच्या मागावर : हेलसिंकी, हॅमेनलिन्ना, आइनोला, लाहती

फिनलंड म्हटलं की आपल्याकडे नॉर्दर्न लाइट्स, सांताक्लॉजचं गाव आणि काचेचे इग्लू एवढंच आठवतं, पण मला तिथे जायचं होतं ते झाँ सिबेलियस या फिनिश संगीतकारासाठी. त्याचा व्हायोलिन कॉन्चेर्टो (एक व्हायोलिन आणि साथीला ऑर्केस्ट्रा अशी रचना) आणि पाचवी सिम्फनी (अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना) मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय, स्वयंपाक करताना, लोकलमध्ये, आजारपणात, आणि हा माणूस राहिला कुठे, कसल्या हवेत वाढला हे एकदा डोळ्यांनी बघायचंच होतं. मावसबहीण हेलसिंकीजवळच्या एस्पूला राहते, भाऊजी तिथे आयटीत आहेत. ताई म्हणाली, "सप्टेंबरच्या सुरुवातीलाच ये गं, थंडी पडायच्या आत, आणि लाहतीला सिबेलियस फेस्टिव्हलही त्याच सुमाराला असतो." व्हिसा, विमान, सगळं नेहमीसारखं पार पडलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म ८ डिसेंबर १८६५, मृत्यू २० सप्टेंबर १९५७. सात सिम्फनी, एकच व्हायोलिन कॉन्चेर्टो, 'फिनलंडिया', आणि कालेवाला या फिनिश महाकाव्यावरच्या कितीतरी रचना. तो जन्मला तेव्हा फिनलंड रशियाच्या झारच्या ताब्यात होतं, देश स्वतंत्र झाला ६ डिसेंबर १९१७ ला, म्हणजे त्याच्या बावन्नाव्या वाढदिवसाच्या दोनच दिवस आधी. आणि मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट म्हणजे १९२६ ला 'तापिओला' ही ऑर्केस्ट्राची रचना लिहिल्यावर हा माणूस आणखी तीस वर्षं जगला आणि त्या तीस वर्षांत त्याने मोठं असं काहीच लोकांसमोर आणलं नाही. का थांबला असेल? पुस्तकात उत्तरं बरीच आहेत, पण मला ते घर बघायचं होतं.

बुधवार : हेलसिंकी

सकाळी बारा डिग्री आणि बारीक पाऊस, छत्री उघडावी की नको असा. ताईने सुट्टी घेतली होती. आधी टोलो भागातल्या सिबेलियस पार्कात गेलो, तिथे शिल्पकार एइला हिल्टुनेनने केलेलं स्मारक आहे. सहाशेहून जास्त स्टीलच्या पोकळ नळ्या एकमेकींना वेल्ड केलेल्या, लाटेसारख्या वरखाली. १९६७ ला उघडलं तेव्हा मोठा वाद झाला होता, लोक म्हणाले यात सिबेलियस कुठेय, म्हणून मग बाजूला त्याचा चेहरा वेगळा बसवला. फोटोत मला हे कधीच आवडलं नव्हतं. पण खाली जाऊन उभं राहिलं, मान वर केली आणि नळीतून आकाशाचा गोल तुकडा दिसला, पावसाचे थेंब स्टीलवर पडत होते त्याचा आवाज वेगवेगळ्या नळीत वेगवेगळा येत होता, तेव्हा मत बदललं. टूरिस्ट बसेस थांबतात त्या वेळी गर्दी होते, दहा मिनिटं थांबा, सगळे निघून जातात आणि पार्क आपलं होतं.

तिथून चालत पाण्याच्या काठाला कॅफे रेगाटा, लाल रंगाची छोटीशी लाकडी खोली. दालचिनीचा कोर्वापुस्ती नावाचा बन आणि कॉफी. बाहेर शेकोटी पेटवलेली असते, ओले हात शेकत बसलो. ताईचं म्हणणं, फिनलंडमध्ये एकच गोष्ट चुकवायची नाही ती म्हणजे कॉफीची वेळ.

दुपारी सेनेट स्क्वेअरला विद्यापीठाची जुनी इमारत बाहेरून बघितली. इथल्या मोठ्या हॉलमध्ये २८ एप्रिल १८९२ ला 'कुल्लेर्वो' ही त्याची कालेवालावरची मोठी रचना पहिल्यांदा वाजली, सव्वीस वर्षांच्या पोराने स्वतः कंडक्ट केली, आणि एका संध्याकाळीत तो देशाचा कंपोझर झाला. त्याच जूनमध्ये आइनो यार्नेफेल्टशी लग्न. पुढे त्याने हेच 'कुल्लेर्वो' मागे घेतलं, अख्खं परत वाजलं ते तो गेल्यानंतर, १९५८ मध्ये. एस्प्लनाडीच्या टोकाला स्वीडिश थिएटर आहे, तिथे नोव्हेंबर १८९९ मध्ये पत्रकारांच्या मदतीसाठी म्हणून कार्यक्रम झाला होता. खरं कारण वेगळं, झारने त्याच वर्षी फेब्रुवारीत जाहीरनामा काढून फिनलंडचे अधिकार आवळले होते आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसवला होता, त्याचा तो निषेध. इतिहासातली दृश्यं रंगमंचावर दाखवायची आणि संगीत सिबेलियसचं. शेवटच्या दृश्याचं संगीत म्हणजेच पुढे झालेलं 'फिनलंडिया'. आता थिएटरसमोर ट्राम वळतात, माणसं शॉपिंगच्या पिशव्या घेऊन जातात, मी मात्र तिथे बराच वेळ उभी होते.

दिवसातलं खरं सरप्राइज मात्र वेगळंच. मानेरहाइमिंती रस्त्यावर, म्युझिक सेंटरपासून जवळच, एका बागेत एका खेडवळ बाईचा पुतळा दिसला. ही लारिन पारास्के. सेंट पीटर्सबर्गजवळच्या इंग्रिया भागातली गरीब विधवा, लिहितावाचता न येणारी, आणि हजाराच्या वर लोकगीतं तोंडपाठ असलेली. १८९१ मध्ये सिबेलियस पोर्वो या गावी मुद्दाम तिचं गाणं ऐकायला गेला होता, आणि पुढच्याच वर्षी 'कुल्लेर्वो' आलं. मला एकदम जात्यावरच्या ओव्या आठवल्या. तीच लहानशी चाल, चारपाच सुरांत फिरणारी, ओळीमागून ओळ येत राहते आणि बाई आपलं सुखदुःख त्यात ओतत जाते. सिबेलियसच्या सिम्फनीत एखादा छोटा तुकडा परत परत येतो, दर वेळी किंचित बदलून, ते त्याला कुठून मिळालं असेल ते त्या पुतळ्यासमोर मला पहिल्यांदा जाणवलं. त्याने लोकगीतं उचलून वापरली नाहीत, हे तो स्वतः ठासून सांगायचा आणि ते खरंच आहे. पण कान तिथे तयार झाला असणार असं मला अगदी मनापासून वाटतं.

रात्री मार्केट स्क्वेअरच्या तंबूत लोहिकेइत्तो, म्हणजे साल्मन, बटाटा, क्रीम आणि भरपूर शेपू घातलेलं सूप, बरोबर राईचा काळा ब्रेड. शेपू न आवडणाऱ्यांनी फिनलंडला जाताना मनाची तयारी करावी, सगळ्यात असते.

गुरुवार : हॅमेनलिन्ना

हेलसिंकीहून ट्रेनने तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ. ताईला ऑफिस होतं, मी एकटी. बाहेर बर्चची झाडं, टोकाकडून पिवळी व्हायला लागलेली, मधेच तळं, परत झाडं, परत तळं.

जन्मघर हल्लितुसकातू रस्त्यावर, गावाच्या अगदी मध्यात, साधं बैठं लाकडी घर. वडील ख्रिस्तियन गुस्ताफ गावचे आणि लष्कराचे डॉक्टर. १८६६ ते ६८ फिनलंडमध्ये भयंकर दुष्काळ पडला, त्याबरोबर साथी आल्या, रुग्णांवर उपचार करता करता डॉक्टरांनाच टायफस झाला आणि १८६८ मध्ये ते गेले. मागे कर्ज. आई मारिया शार्लोटा पदरात दोन मुलं आणि तिसरं पोटात अशी माहेरी आजीकडे गेली. म्हणजे सिबेलियस या घरात राहिला तो जेमतेम अडीच वर्षं, त्याला हे घर आठवतही नसेल. तरी तिथे गेल्यावर पोटात कालवलं, कारण खोल्या इतक्या लहान आणि नीटनेटक्या आहेत की त्या कुटुंबाचं काय हरवलं ते न सांगता कळतं.

तिथे एक तरुण मुलगी तिकिटाला बसली होती, संगीताची विद्यार्थिनी. मी भारतातून फक्त यासाठी आलेय म्हटल्यावर ती उठून माझ्याबरोबर खोलीखोलीतून फिरली. तिन्ही भावंडं वाजवायची, बहीण लिंडा पियानो, धाकटा ख्रिस्तियन चेलो आणि हा व्हायोलिन, घरातच त्रिकूट. मुलगी म्हणाली, "त्याला कंपोझर व्हायचंच नव्हतं, त्याला जगातला मोठा व्हायोलिन वादक व्हायचं होतं." व्हिएन्नात शिकताना त्याने तिथल्या फिलहार्मोनिकसाठी ऑडिशन दिली आणि नाकारला गेला. सुरुवात उशिरा केलेली, त्यात स्टेजची भीती. त्या कॉन्चेर्टोतलं व्हायोलिन इतकं एकटं का वाटतं ते मला त्या बैठ्या घरात लख्ख कळलं, जे आपल्या हातून कधीच होणार नव्हतं ते त्याने दुसऱ्या कुणाच्या तरी हातांसाठी लिहून ठेवलं. १९०४ ला पहिला प्रयोग फसला, वादकाला झेपलंच नाही. मग परत लिहिलं आणि १९०५ ला बर्लिनमध्ये जर्मन संगीतकार रिचर्ड श्ट्राउसने कंडक्ट केलं. आज जगातला कुठलाही मोठा व्हायोलिन वादक ते वाजवल्याशिवाय राहत नाही.

म्युझियम लहान आहे, तासभर पुरतो, पण वेळा ऋतूप्रमाणे बदलतात म्हणून आदल्या दिवशी चेक करा. मग वानायावेसी तळ्याच्या काठाने विटांच्या हॅमे किल्ल्यापर्यंत चालत जा, अजिबात लांब नाही. मी जेवले ते स्टेशनजवळच्या एका साध्या ठिकाणी, दुपारचा 'लोउनास' म्हणजे आपली थाळीच समजा, सूप, सॅलड, ब्रेड, कॉफी सगळं एकाच पैशात. शाकाहारी पर्याय जवळपास सगळीकडे असतो. हे फक्त दुपारी मिळतं, साधारण दोननंतर बंद, आणि रात्रीच्या हॉटेलपेक्षा खूप स्वस्त पडतं.

शुक्रवार : आइनोला

आइनोला म्हणजे सिबेलियसचं घर, याच दिवसासाठी आले होते. पाऊस थांबला होता, स्वच्छ ऊन, हवेत ओल्या पाल्याचा वास. ताई आणि भाऊजी दोघंही आले.

हेलसिंकीहून उत्तरेला जाणाऱ्या लोकलने आइनोला नावाच्याच छोट्या स्टेशनवर उतरायचं आणि चालायचं. हेलसिंकी भागाचं सिटी तिकीट इथपर्यंत चालत नाही, व्हीआरचं, म्हणजे फिनिश रेल्वेचं, तिकीट वेगळं काढा. घर सोमवारी बंद असतं आणि फक्त मे ते सप्टेंबर उघडं.

१९०४ च्या सप्टेंबरमध्ये सिबेलियस कुटुंब इथे राहायला आलं. हेलसिंकीत काय चाललं होतं ते माहीत असेल तर हे घर का बांधलं ते समजतं. केम्प हॉटेलात मित्रांबरोबर रात्रंदिवस बैठका, शॅम्पेन, सिगार, उधारी, आणि घरी आइनो मुली सांभाळत वाट बघतेय. तिसरी मुलगी किर्स्ती १९०० मध्ये बाळपणीच गेली. तेव्हा शहरापासून लांब जायचं ठरलं. आर्किटेक्ट लार्स सोंकने आराखडा केला, तूसुला तळ्याजवळ चित्रकार-लेखकांची वस्ती होतीच, आइनोचा भाऊ एरो यार्नेफेल्ट आणि पेक्का हालोनेन हे चित्रकार तिथलेच. घराला नाव दिलं आइनोचं.

आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो लाकडाचा वास. जाड ओंडक्यांच्या भिंती, पन्नासाव्या वाढदिवसाला मित्रांनी दिलेला स्टाइनवे पियानो, भिंतींवर त्या मित्रमंडळींची चित्रं. वरचा मजला बघायला उघडा नाही, म्हातारपणी तो खालीच झोपायचा आणि काम करायचा. जेवणघरात हिरव्या टाइल्सची मोठी शेकोटी आहे. सिबेलियसला रंगात सूर ऐकू यायचे, ही शेकोटी त्याला एफ मेजर (पाश्चात्त्य संगीतातली एक स्वरपट्टी) वाटायची. आत एक साठीच्या बाई माहिती सांगत होत्या, त्यांनी हे सांगितल्यावर आमच्याबरोबरची एक लहान फिनिश मुलगी शेकोटीला कान लावायला गेली, आणि बाईंनी तिला अडवलं नाही, फक्त "हात लावू नकोस हं" म्हणाल्या.

घरात नळ नव्हते. सिबेलियस जिवंत होता तोवर आत पाण्याचे पाइप घेऊच दिले नाहीत, त्यांचा आवाज त्याला सहन झाला नसता. म्हणजे मुली वाढवायच्या, पाहुणे करायचे, फिनलंडचे हिवाळे काढायचे आणि पाणी बाहेरून आणायचं. भाऊजी एवढंच म्हणाले, "आणि हे सगळं कुणी केलं?" आइनोने केलं. भाजीपाला तिने पिकवला, फळझाडं तिने लावली, मुलींना घरी शिकवलं तिने. १९०७ मध्ये ताण इतका झाला की तिला सॅनिटोरियममध्ये राहावं लागलं. पुढच्या वर्षी सिबेलियसच्या घशातली गाठ काढली, मरणाच्या भीतीने त्याने दारू आणि सिगार सोडले, सात वर्षं हातही लावला नाही, आणि त्याच काळात चौथी सिम्फनी लिहिली, जी मला अजूनही रात्री एकटीने ऐकवत नाही.

आणि आता ती शेकोटी. आठवी सिम्फनी तो वर्षानुवर्षं लिहीत होता. बॉस्टनच्या ऑर्केस्ट्राचा कंडक्टर कुसेवित्स्कीला पहिल्या प्रयोगाचं वचन दिलेलं, १९३३ मध्ये कॉपी करणाऱ्याने काही पानं साफ लिहूनही दिली होती. मग १९४० च्या दशकात एक दिवस त्याने कपड्यांच्या टोपलीत हस्तलिखितं गोळा केली आणि याच जेवणघरातल्या आगीत टाकली. आइनोने नंतर सांगून ठेवलंय की तिला ते बघवलं नाही, ती खोलीतून निघून गेली, काय काय जळलं ते तिलाही नीट माहीत नाही. पण त्यानंतर तो शांत झाला, मन हलकं झालं, आणि तो काळ सुखाचा गेला.

मी हे आधी वाचलं होतं आणि नेहमी चिडायचे, एवढी मोठी गोष्ट जाळली कशी. त्या टाइल्ससमोर उभी राहिल्यावर राग राहिला नाही. आपल्याला हवी होती ती आठवी सिम्फनी, तिला हवा होता रात्री झोपणारा नवरा. ज्या बाईने त्याच्या शांततेसाठी पन्नास वर्षं पाणी वाहिलं तिला शेवटी स्वतःच्या वाट्याची शांतता मिळाली, यात मला आता हानी दिसत नाही. जुन्या कागदांत सापडलेले काही छोटे तुकडे हेलसिंकी फिलहार्मोनिकने २०११ मध्ये वाजवले, दोनतीन मिनिटांचं आहे सगळं मिळून, ऐका जरूर, विलक्षण आहे.

बागेत दोघांची समाधी, जमिनीवर आडवी मोठी ब्राँझची लादी. तो ९१ व्या वर्षी याच घरात गेला, ती १९६९ मध्ये ९७ व्या वर्षी. माहितीच्या बाईंनी क्रौंच पक्ष्यांची गोष्टही सांगितली, जायच्या दोनएक दिवस आधी फिरून आल्यावर तो म्हणाला होता की माझ्या तरुणपणीचे पक्षी आले, आणि थव्यातला एक पक्षी वेगळा होऊन घरावर घिरटी घालून गेला. आम्हीही वर बघितलं, पण आकाश रिकामंच होतं. तो गेला त्याच संध्याकाळी हेलसिंकीत इंग्लिश कंडक्टर माल्कम सार्जंट पाचवी सिम्फनी कंडक्ट करत होता, हे मात्र कागदोपत्री आहे.

आवारातल्या कॅफेत ब्लूबेरीचा पाय खाल्ला. ताईने घरून पोळीभाजीचे रोल आणले होते ते बाहेर बाकावर बसून संपवले. इथे किमान अर्धा दिवस ठेवा, घाई करू नका.

शनिवार : लाहती

हेलसिंकीहून ट्रेनने साधारण तास. वेसियार्वी तळ्याच्या काठावर सिबेलियस हॉल, २००० साली झाला, जुन्या सुतारकामाच्या कारखान्याला जोडून. बाहेरच्या दालनाला झाडासारखे फाटे फुटलेले लाकडी खांब, काचेतून तळं. लाहती सिम्फनी ऑर्केस्ट्रा हा एका लहान शहराचा ऑर्केस्ट्रा, पण कंडक्टर ओस्मो वॅन्स्काने यांच्याबरोबर सिबेलियसचं असं काही रेकॉर्ड केलं की जगभर नाव झालं. कॉन्चेर्टोची आणि पाचव्या सिम्फनीची मूळ, दुरुस्त करण्याआधीची रूपंही यांनीच पहिल्यांदा रेकॉर्ड केली, सिबेलियसच्या घरच्यांनी खास परवानगी दिली म्हणून.

माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते, एकटेच, कोट-टाय. फिनिश लोक बोलत नाहीत असं सगळे सांगतात, हे आजोबा इंटरव्हलभर बोलले. सिबेलियस गेला तेव्हा ते शाळेत होते, शिक्षिका वर्गात रडली होती हे त्यांना आठवतं. पाकिटातून त्यांनी एक जुनी नोट काढून दाखवली, युरो यायच्या आधीची शंभर मार्काची, एका बाजूला सिबेलियस आणि दुसरीकडे उडणारे हंस. "मला खर्चवली नाही," म्हणाले.

हंसांची गोष्ट अशी की २१ एप्रिल १९१५ ला त्याने सोळा हंस उडताना बघितले आणि डायरीत लिहिलं की आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या अनुभवांपैकी हा एक. पाचव्या सिम्फनीच्या शेवटच्या भागात हॉर्न (फुंकून वाजवायची पितळी वाद्यं) जी डोलणारी धून वाजवतात ती तेव्हाची. त्या रात्री आधी 'तापिओला', मग कॉन्चेर्टो, आणि इंटरव्हलनंतर पाचवी. लाकडाच्या त्या हॉलमध्ये हॉर्न सुरू झाले तेव्हा आवाज कुठल्या एका बाजूने येतोय असं वाटतच नव्हतं, खुर्चीच्या हातातसुद्धा जाणवत होता. शेवटी सहा सुटे ठोके आहेत, मधे मधे पूर्ण शांतता. रेकॉर्डिंगमध्ये त्या मोकळ्या जागा मला नेहमी जरा लांब वाटायच्या. तिथे हजारभर माणसं एकदम श्वास धरून बसलेली, तेव्हा त्या जागाही त्याने लिहिलेल्याच आहेत हे कळलं. आजोबा डोळे पुसत होते आणि मीही.

तिकिटं ऑनलाइन, फेस्टिव्हलची लवकर काढावीत. कार्यक्रम संपल्यावर स्टेशनपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं चालावं लागतं, रात्री आठ-नऊ डिग्री होतं, तेव्हा जाड जॅकेट हवंच.

रविवार आणि जाणाऱ्यांसाठी

रविवारी ताईने कारेलियन पाय केले, राईच्या पातळ पारीत तांदळाची खीर भरून भाजतात आणि वर उकडलेलं अंडं कुस्करून घातलेलं लोणी लावतात. भाऊजींनी त्यावर लसणाची चटणी घेतली, मीही घेतली, छान लागते. संध्याकाळी विमान.

जाणार असाल तर आधी थोडं ऐकून जा. अगदीच नवीन असाल तर 'कारेलिया सुइट' आणि 'तुओनेलाचा हंस', मग कॉन्चेर्टो, मग दुसरी आणि पाचवी सिम्फनी. सातवी शेवटी ठेवा, वीस-बावीस मिनिटांची सलग एकच रचना आहे, ती दोनतीनदा ऐकल्याशिवाय उघडत नाही. हिवाळ्यात गेलात तर ८ डिसेंबर त्याचा वाढदिवस, तो फिनिश संगीताचा दिवस म्हणून पाळतात आणि देशभर झेंडे लावतात, पण तेव्हा आइनोला बंद असतं. घर आणि लाहती दोन्ही हवं असेल तर ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबरचा पहिला आठवडाच धरा, आणि राहायला हेलसिंकीतच राहा, सगळीकडे ट्रेनने जाऊन संध्याकाळी परत येता येतं.